शेपटीकडचा कप्पा

बाईंनी पोलादी सळईचं एक टोक बेअरिंगच्या आवरणावर टेकवलं, दुसरं टोक कानाशी धरलं आणि डोळे मिटले.

"अजून हळू," त्या म्हणाल्या.

मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांनी फोनवरून वरच्या माणसाला तसं सांगितलं. मोटरचा आवाज खाली उतरत गेला. पाणबुडीच्या शेपटीकडचा हा कप्पा म्हणजे दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. बाकी सगळी मोटर, तिचा जाडजूड शाफ्ट आणि नळ्याच नळ्या. बाई एका नळीवर गुडघा टेकून, दुसरीला पाठ लावून वाकल्या होत्या. सरळ होताना कमरेचं काय होईल याचा विचार त्यांनी मुद्दामच टाळला होता.

शाफ्ट अगदी सावकाश फिरू लागला तेव्हा तो आवाज आला. शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवावी तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खुर्ची.

"मॅडम, सगळे आकडे मर्यादेच्या आत आहेत," डॉक्टर म्हणाले.

"दिसतायत मला."

"मग?"

बाईंनी सळई त्यांच्या हातात दिली. "तुम्ही ऐका."

डॉक्टर म्हणजे बाईंच्या हाताखालचे उपप्रमुख. कुठल्याशा विषयात डॉक्टरेट केलेली होती म्हणून सगळी गोदी त्यांना डॉक्टर म्हणे. एका नव्या फिटरने तर त्यांच्याकडे खोकल्याचं औषधही मागितलं होतं. त्यांनी बराच वेळ कान लावला. मग सळई खाली घेतली आणि चष्मा पुसत बसले.

"मला ऐकू आलं नाही, असं मी म्हणू शकतो का?"

"म्हणू शकता," बाई म्हणाल्या. "मीही तेच म्हणावं की काय, असा विचार करतेय."

तो विचार त्यांनी खरंच केला. शिडी चढून वर येईपर्यंत केला. पाणबुडीला पुढे ढकलणारं जे काही असतं, मोटर, शाफ्ट, पंखा, त्या सगळ्याच्या त्या प्रमुख होत्या, आणि त्या खुर्चीवर बसल्यापासून त्यांची एकही सुट्टी पुरती झाली नव्हती. आकडे मर्यादेत होते. सही केली असती तर जगात कुणी बोट दाखवलं नसतं. पण पाणबुडी लपते ती हळू चालतानाच. तेव्हाच ती खरवडत असेल तर लपण्याला काही अर्थ नव्हता. शिवाय आज खरवडणारं बेअरिंग उद्या शाफ्ट घट्ट धरून बसतं, आणि ते कुठे धरून बसेल हे कुणाच्या हातात नसतं. वर पाणी आणि आत माणसं.

अडचण वेगळीच होती. ते बेअरिंग खालून बघायचं तर शाफ्ट उचलावा लागणार, आणि शाफ्ट उचलायचा तर क्रेनसाठी वरचं पोलादी कवच कापावं लागणार. ते कवच नुकतंच बंद झालं होतं. बंद केल्याशिवाय शाफ्टची सरळ रेघ पक्की होत नाही, आणि रेघ पक्की झाल्याशिवाय मोटर फिरवून बघता येत नाही. त्यामुळे आधी कळायला काही मार्गच नव्हता. आणि ते बंद केलं होतं बाईंच्या दिराने.

गोदीच्या संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग खणातून गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. नौका पाण्यात उतरवायचा दिवस ठरला होता, पाहुणे ठरले होते, मांडवसुद्धा ठरला होता.

"तुमच्या कानावर विसंबून मी कवच कापायला लावू?"

"कानावर नको. माझ्या सहीवर लावा."

"आणि आत काही निघालं नाही तर?"

"तर माझ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा. नाहीतरी माझ्याकडे बघून तुम्हाला कंटाळा आला असेल."

"कंटाळा नाही हो," संचालक म्हणाले. "तुम्ही दार ढकललंत की माझा हात गोळीकडे जातो." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "कवचवाल्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून कळलं तर जास्त लागेल."

भाऊजींची केबिन वेल्डिंगच्या शेडला लागूनच होती. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर त्यांनी जोडांच्या एक्स-रे फिल्म ओळीने लावल्या होत्या. महिन्याअखेर ते निवृत्त व्हायचे होते, आणि शेपटीकडचा तो जोड त्यांचा शेवटचा. येईल त्याला ते फिल्म दाखवत. परवा चहावाल्यालाही दाखवल्या होत्या.

"या मॅडम. बघा, सगळ्या पास. एकाही ठिकाणी जोड खोदून पुन्हा भरावा लागला नाही."

गोदीत ते त्यांना मॅडमच म्हणत. बाई या नोकरीत आल्या त्या दिवशी त्यांनीच तसं ठरवून टाकलं होतं: फाटकाच्या आत दीर-वहिनी काही नाही. आजवर एकदाही त्यात चूक झाली नव्हती, त्यांची नाही आणि बाईंचीही नाही.

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "बसा जरा."

भाऊजींचा फिल्मवर फिरणारा हात थांबला. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"दादाला काही झालं?"

"नाही, नाही. ते बरे आहेत. सकाळी भाजी महाग झाली म्हणून भांडून आले." बाई स्वतःच खुर्चीवर बसल्या. "कवच कापावं लागणार आहे."

भाऊजी खुर्चीच्या कडेवर टेकले. मग म्हणाले, "त्यापेक्षा दादाला ताप आला असता तर परवडलं असतं."

"हं."

"कुठे?"

"शेपटीकडे. बेअरिंगच्या वर."

"म्हणजे आमचंच." त्यांनी फिल्मकडे पाहिलं नाही. "खात्री आहे?"

"नाही. खात्री करायलाच कापायचं."

"वहिनी, वेल्डिंग करायचं तर ते पोलाद आधी तापवून ठेवावं लागतं. तुम्हाला माहीत आहे. माझी माणसं त्या तव्यावर पालथी पडून काम करत होती. बाहेर आली की बोलायचीसुद्धा नाहीत, नुसती पाणी ओतून घ्यायची अंगावर. आता त्यांना मी काय सांगू? की आमच्या वहिनींना आवाज आला?"

बोलण्यासारखं होतं ते सगळं आकड्यांत होतं, आणि आकडे तर त्यांच्या बाजूचे नव्हतेच.

भाऊजी उठले आणि त्यांनी पेटीतला दिवा मालवला. फिल्म काळ्याकुट्ट झाल्या.

"ठीक आहे, मॅडम. लेखी आदेश पाठवा."

दोन्ही कुटुंबं एकाच घरात राहत होती. भाऊजी खाली, बाई वर. त्या दिवसापासून जिन्यात शुकशुकाट झाला. एरवी भाऊजी संध्याकाळी वर येऊन भावाशी बातम्यांवर वाद घालत. आता बातम्यांशी मास्तर एकटेच वाद घालू लागले. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे त्यांना घरातही सगळे मास्तरच म्हणत.

"लहानपणी रुसला की दप्तर घेऊन शेजाऱ्यांकडे राहायला जायचा," मास्तर म्हणाले. "तिथलं जेवण आवडलं नाही की परत यायचा."

"खालचं जेवण चांगलं असतं," बाई म्हणाल्या. "हे लांबणार."

धाकटी जाऊ तेवढी ये-जा करत होती. एकदा ती वर आली आणि दारातच म्हणाली, "ताई, हे म्हणतात, उद्यापासून क्रेन लागेल. आता तुम्ही काय म्हणता ते सांगा, म्हणजे मी खाली जाऊन सांगते. आणि मग माझ्या पगाराचंही बघा दोघं मिळून."

बाईंना हसू आलं, पण हसायलाही ताकद लागते हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. क्रेन मिळेल असं त्यांनी सांगितलं आणि जेवायच्या आधीच त्या आडव्या झाल्या. मास्तरांनी त्यांच्या पायांवर चादर घातली. नोकरी सोड, असं ते कधीच म्हणाले नव्हते. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं अलीकडे बाईंना वाटू लागलं होतं.

कवच कापायच्या दिवशी खडूने रेघ भाऊजींनी स्वतः आखली. तोच पत्रा पुन्हा बसवता यावा म्हणून ती अशी आखली की एक सूतही वाया जाऊ नये. मग ते बाजूला झाले आणि ठिणग्या थांबेपर्यंत पाठ करून उभे राहिले. वेल्डिंगची माणसं बाईंना बघून वाट द्यायची, पण नेहमीसारखं कुणी मान हलवत नव्हतं. डबा खायला त्या शेडमध्ये गेल्या तेव्हा बाकावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. त्यांनी भराभर चार घास खाल्ले आणि डबा बंद केला.

क्रेनने वरून शाफ्ट उचलायचा तो जेमतेम केसभर. बेअरिंगचा खालचा अर्धा भाग सरकवून बाहेर काढला तेव्हा कप्प्याच्या वर, कापलेल्या खिडकीपाशी, सगळी मंडळी जमली होती. संचालक डोक्यावर हेल्मेट घालून स्वतः आले होते. डॉक्टर बाईंच्या शेजारी, आणि भाऊजी सगळ्यांच्या मागे.

बाईंनी फडक्याने तेल पुसलं. आतला मऊ पांढरा धातू आरशासारखा लकलकला. त्यावर काहीच नव्हतं. बाईंच्या मानेवरून घाम ओघळला. मग त्यांनी बॅटरी तिरपी धरली, आणि एका कडेला बारीक, खोल ओरखडा दिसला. ओरखड्याच्या टोकाला, धातूत रुतलेला, मोहरीएवढा एक दाणा होता.

त्यांनी चिमट्याने तो उपसून तळहातावर घेतला.

कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. ते संचालक होते. "निघालं म्हणजे!"

"निघालं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने चिरकला. "हाच खरवडत होता. हा बेअरिंगबरोबरच आला असणार, साहेब. पुरवठादाराकडे जुळणी करताना आत राहिला असेल."

"म्हणजे चूक त्यांची?" संचालकांनी हेल्मेट मागे सारलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर तरतरी आली. "मग खर्च त्यांच्या माथी. उशीरही त्यांच्या माथी. मॅडम, आजच कळवून टाका त्यांना."

बाई तळहाताकडे बघत होत्या. दाणा गोल होता. अगदी गोल, आणि त्यावर निळसर झाक. कारखान्यात जुळणी करताना राहणारा कचरा असा नसतो. त्याला कडा असतात, टोकं असतात. गोल होतो तो वितळून हवेत उडालेला थेंब. अशा थेंबांनी भाऊजींच्या सगळ्या सदऱ्यांना बारीक भोकं पडलेली होती. जाऊ ते सदरे उन्हात वाळत घाली तेव्हा जमिनीवर चाळणीसारखा उजेड पडे.

बाईंना हे सगळं एका नजरेत कळलं. आणि त्या गप्प राहिल्या.

त्यांनी काही ठरवलं नव्हतं. फक्त बोललं की पुढे काय काय होईल ते त्यांना दिसलं. चौकशी बसेल, जबाब होतील, निवृत्तीच्या तोंडावर भाऊजींच्या नावापुढे शेरा येईल, खालचं दार कायमचं बंद होईल. आणि न बोललं तर काहीच होणार नव्हतं. पुरवठादार लांब होता, त्याचा चेहराही कुणी पाहिला नव्हता. दाणा तर निघाला होता. पाणबुडीला आता धोका नव्हता. त्यांना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. त्यांनी दाणा प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड दाबलं.

"साहेब," मागून भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी मागे पाहिलं.

"तो मणी आमचा आहे."

"कुणाचा?"

"आमचा. वेल्डिंगचा. हे वरून बंद करत होतो तेव्हा उडालाय." भाऊजी पुढे आले. त्यांनी पिशवी बाईंच्या हातातून घेतली नाही, नुसती वाकून पाहिली. "जन्म गेला माझा असले मणी झाडण्यात. पुरवठादाराचा यात काही संबंध नाही."

"पण तेव्हा बेअरिंगवर झाकण होतं," डॉक्टर म्हणाले आणि मध्येच थांबले. झाकण कुणी बसवायचं असतं ते त्यांना उशिरा आठवलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. कमरेतून कळ गेली. "झाकण आमच्या विभागाचं," त्या म्हणाल्या. "नीट बसलेलं नसणार. नीट बसलं असतं तर मणी आत गेला नसता. ते बघायचं काम माझं होतं."

संचालकांनी एकदा बाईंकडे, एकदा भाऊजींकडे पाहिलं. तरतरी कुठल्या कुठे गेली होती.

"हे तुम्ही दोघं घरून ठरवून आलात का?"

"नाही साहेब," भाऊजी म्हणाले. "घरी आम्ही सध्या बोलत नाही."

वरच्या वेल्डरांपैकी एकजण फिसकन हसला आणि लगेच खोकू लागला.

फाटकापर्यंतचा रस्ता लांब होता. सुट्टीचा भोंगा होऊन गेलेला, सायकली, गाड्या बाजूने निघून चाललेल्या. भाऊजी पुढे चालत होते. मग ते हळू झाले, आणि बाईंनी त्यांना गाठलं.

"तुम्हाला कळलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"बघितल्याबरोबर."

"हो."

"मग गप्प का बसलात?"

बाईंनी कारणं शोधून पाहिली. तुमच्यासाठी, असं म्हणता आलं असतं; ते अर्धं खरंही होतं.

"दमले होते, भाऊजी."

भाऊजींनी मान हलवली.

"माझा जोड कापायला लावलात, सगळी गोदी डोक्यावर घेतलीत," ते म्हणाले, "आणि ऐन वेळेला दमलात." आवाजात राग असा नव्हता. "मीसुद्धा दमलोय. पण मी बोललो नसतो तर झोप लागली नसती. आणि आता मला दुसरं काही नको आहे हो, फक्त झोप हवी आहे."

पुढे व्हायचं ते झालं. पाण्यात उतरवायचा दिवस पुढे गेला, पाहुण्यांना नवी पत्रिका गेली, मांडववाल्याने आधी घेतलेले पैसे परत दिले नाहीत. चौकशी बसली. भाऊजींच्या नावापुढे शेरा आला, बाईंना ताकीद मिळाली. खुर्ची मात्र राहिली. ती घ्याल का, असं डॉक्टरांना विचारून पाहिलं तेव्हा ते म्हणाले, मला मुळात संशोधनातच रस आहे. महिन्याअखेर भाऊजी निवृत्त झाले. निरोपसमारंभ छोटासाच झाला, भाषणं करणाऱ्यांनी शेपटीकडच्या जोडाचा विषय सांभाळून टाळला. केबिनमधल्या फिल्म त्यांनी घरी आणल्या नाहीत.

कवच पुन्हा बंद करायला घेतलं तेव्हा भाऊजींच्या जागी आलेला नवा प्रमुख काम बघत होता. बाई पहिल्याच सकाळी नौकेवर गेल्या. वर माणसं तापलेल्या पत्र्यावर आडवी पडली होती. बाई शिडीने कप्प्यात उतरल्या. आत उकाडा असा की श्वास घेताना नाक भाजावं. वरच्या फटीतून निळा उजेड लखलखत होता, आणि झाकणावर पसरलेल्या जाड कापडावर मधूनमधून ठिणगी पडून विझत होती.

झाकणाशेजारी, पालथ्या बादलीवर, एक माणूस बसला होता. अंगात जुना भोकाभोकांचा सदरा, मांडीवर ओलं फडकं, पायाशी पाण्याचा डबा आणि आग विझवायचं नळकांडं. वर वेल्डिंग चालू असताना खाली कुणाला तरी लक्ष ठेवून बसावं लागतं. ते काम गोदीत सगळ्यात नव्या माणसाला देतात.

"तुम्हाला आत कुणी सोडलं?" बाईंनी विचारलं.

"रोजंदारीवर लागलोय," भाऊजी म्हणाले. त्यांची नजर झाकणावरून हलली नाही. "नवा साहेब नको म्हणत होता. म्हटलं, मला काही अधिकार नको, नुसतं बसू द्या."

"घरी सांगितलंत?"

"बागेत फिरायला जातो म्हणून सांगितलंय."

एक ठिणगी कापडाच्या कडेला पडली. भाऊजींनी वाकून ओलं फडकं तिच्यावर दाबलं, उचलून पाहिलं, आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. वाकताना त्यांचा हात कमरेवर गेला होता. बाईंना वर बैठक होती, तिच्यानंतर दुसरी होती. त्यांनी शिडीकडे पाहिलं.

मग कोपऱ्यातली दुसरी बादली ओढून त्यांनी ती झाकणाच्या पलीकडच्या बाजूला पालथी घातली.

"या बाजूचं मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही थोडे डोळे मिटा."